घंटा वाजली तेव्हा मी झोपलो होतो

३ नोव्हेंबर, सोमवार

माझ्या हातानं केलेल्या वस्तू, आठवतील तशा:

काजूबी फोडण्याचं पायाचं यंत्र, आजवर ४१ नग. सुपारी सोलण्याचं, ६. आंब्याचा झेला, ज्याची पाती देठ राखूनच कापते, चीक फळावर ओघळत नाही. किती केले ते मोजलं नाही. गावच्या पालखीच्या दांड्याची पितळी टोपणं, २. लेथच्या चकची चावी (चक म्हणजे कातायचा तुकडा धरणारा जबडा; लेथ जुनी घेतली तेव्हा मूळ चावी आलीच नव्हती). या घरातल्या सगळ्या बिजागऱ्या. हिच्या विळीचं पातं. गोळी अर्धी करायची सुरी: दोन्ही तुकडे सारखे, सोनाराच्या काट्यावर तपासले.

यादी करायचं कारण. शुक्रवारी दापोलीत डॉ.कडे माझी फाइल पाहिली. व्यवसाय: मजूर. फाइल लिहिणाऱ्या मुलीनं विचारलंही नव्हतं, नखांकडे बघून लिहिलं. सातवी शिकलो हे खरं. इंजिनीयरला ज्याचं ड्रॉइंग लागतं ते माझ्या डोक्यात असतं, हेही खरं. खोडून घ्या म्हटलं तर म्हणाली, "काका, त्यानं काय फरक पडतो? गोळ्या त्याच आहेत."

दोन वर्षं फिटा येत होत्या त्या झोपेत. मे महिन्यात दिवसाढवळ्या आली, लेथवर. कोपर चकला घासलं, हाड वाचलं. तेव्हापासून लेथवर ताडपत्री. मेंदूचे डॉ. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी दापोलीत येतात. ते म्हणतात, सहा महिने झटका शून्य दाखवा, मग लेथचं बघू. १ जूनपासून शून्य आहे. ही वही साक्षीला.

मंडणगडच्या शिगवणशेठची ऑर्डर: आठ यंत्रं, शिमग्याच्या आत. लेथ नसेल तर एकही होत नाही. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

झोप ५ ता. १० मि. झटका ०.


६ नोव्हेंबर, गुरुवार

झोप ७-१५. गाढ. जूनपासून इतकी गाढ ही चौथीच. स्वप्न नाही, मध्ये उठणं नाही. सकाळी मात्र अंग ठेचल्यासारखं. दंड दुखतात. काल ऐरण हलवली त्याचं असणार.

उशीचा अभ्रा बदललेला. ही अभ्रे सोमवारी बदलते. विचारलं.

"तेलाचा डाग होता."

मी डोक्याला तेल लावत नाही.

"मग माझ्या डोक्याचा असेल," म्हणाली आणि पाणी तापवायला गेली.

झटका ०.


११ नोव्हेंबर, मंगळवार

झोप ४-३०, तीन तुकड्यांत.

मोठी पांढरी गोळी सकाळ-संध्याकाळ, छोटी रात्री. मोठीनं डोळा मिटतो पण आत चाक फिरतच राहतं, कोरड्या बेअरिंगवर फिरावं तसं, कुरकुरत. छोटीनं चाक थांबतं, पण मग सकाळी अकरापर्यंत डोक्यात ग्रीस. झोप कमी झाली की फिट येते म्हणतात. फिट येऊ नये म्हणून गोळी. गोळीनं झोप जाते. मागच्या खेपेला डॉ.ना हे वर्तुळ काढून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

बरोबर आहे म्हणे. पुढचा माणूस आत बोलावला.

हीसुद्धा झोपत नाही असा संशय. मी कूस बदलली की लगेच "अहो?" झोपलेलं माणूस इतक्या लगेच अहो म्हणत नाही. तिला सांगितलं, सुनंदा, तू झोप. जागं राहायला मी यंत्र करतो.


१६ नोव्हेंबर, रविवार

झालं. पाच दिवस लागले, सगळं कानशीनं, लेथ नसल्यामुळे.

पलंगाच्या फळीखाली शिशाचा लंबक. हिसका बसला की लंबक दातेरी चाक एक दात पुढं ढकलतो. सलग वीस दात गेले की हातोडी सुटते आणि घंटा वाजते. मध्येच हिसके थांबले तर तेलातला दट्ट्या चाकाला सावकाश मागं आणतो. म्हणजे कूस बदलली, खोकला आला, तर तीन-चार दात, आणि परत सुरुवातीला. फिटेलाच काय ते वीस. घंटा देव्हाऱ्यातली जुनी, मूठ तुटलेली. सोबत जुन्या टेपरेकॉर्डरचा आकडे फिरणारा काउंटर: घंटा वाजली की एकानं पुढं. बाजूचं बटण दाबलं की ०००.

पलंग धरून सहा वेळा गदागदा हलवला. सहाही वेळा वाजली. मग बटण दाबून ००० केलं. विसाव्या दाताला काळा रंग लावून ठेवला, किती घासतो ते पुढं बघता येईल.

हिला म्हटलं, आता घंटा वाजेपर्यंत डोळा उघडायचा नाही.

"वाजली तर तुम्हाला ऐकू येईल?"

मला कशाला ऐकू यायला हवी? तुझ्यासाठी आहे.

"हां," म्हणाली.

कौतुकाचा एक शब्द नाही. देवळातल्या टोपणांचं तरी गुरवानं केलं होतं.


२० नोव्हेंबर, गुरुवार

झो. ४-५०. झ. ०. काउंटर ०००.

दुपारी ही नारळ खवताना विळीवरच डुलकी घेत होती. पातं माझं आहे, मला माहीत आहे ते काय कापतं. ओरडलो. फार ओरडलो. समोरचं ताट भिंतीवर गेलं. तिनं खोबरं वेचून धुऊन घेतलं. आमटीत तेच.

पांढऱ्या गोळीनं चिडचिड होते असं त्या कागदावर बारीक अक्षरात आहे. राग माझा किती आणि गोळीचा किती, हे मोजायचं काही साधन नाही. असतं तर केलं असतं.


२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दापोली. सहा महिन्यांना दोन दिवस कमी, पण डॉ.नी धरले.

वही नेली होती. वाचून दाखवली. तुमच्याकडे असा पेशंट दुसरा आहे का, विचारलं. हसले, नाही म्हणाले. मी म्हटलं, आकडा शून्य आहे, आता लेथ चालेल ना? आणि ती रात्रीची छोटी गोळी, तिचं ग्रीस नको.

मग हिच्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही सांगा. रात्री काही? हातपाय, तोंडाला फेस, जीभ चावणं?"

ही पदराचं टोक बघत होती. "काही नाही."

"नक्की?"

"यांनी लिहिलंय ना सगळं."

छोटी गोळी अर्धी. रत्नागिरीला जाऊन मेंदूचा आलेख काढून आणायचा, तो ठीक आला की लेथ, तीही दिवसाच, कुणीतरी जवळ असताना. परतताना एस.टी.त हिला म्हटलं, बघ, मोजणाऱ्याला जग मान देतं. ती झोपली होती. आंजर्ल्यापर्यंत झोपली. खांद्यावर डोकं, तोंड उघडं.


९ डिसेंबर, मंगळवार

रत्नागिरी. आलेखाची गंमत अशी की आदल्या रात्री दोननंतर झोपायचं नाही, थकलेल्या मेंदूत बिघाड लवकर दिसतो म्हणून. वर्षभर झोपा झोपा म्हणून कान किटवले आणि तपासायला जागून या.

काल लॉजवर हिनं मला जागं ठेवलं. पत्ते नव्हते. आमच्या लग्नाला कोण कोण आलं होतं त्याची उजळणी केली, माझ्याकडचे मी, तिच्या माहेरचे, केळशीचे, ती. एकशे दहापर्यंत गेलो. तिचा धाकटा भाऊ बाळू पंगतीत जिलबी खिशात भरत होता हे मला आज कळलं, चोवीस वर्षांनी. खूप हसलो. सकाळी सात कधी वाजले कळलं नाही.

डोक्याला वायरी लावणारा म्हणाला, "फार काही दिसत नाही. पण काका, यात दिसलं नाही म्हणजे नाहीच असं नसतं हां." कोणताही कारागीर आपल्या मापाबद्दल असं बोलत नाही. बोलला तर त्याला दुकान बंद करावं लागेल.

डॉ.ना फोन. हो म्हणाले.


१४ डिसेंबर, रविवार

ताडपत्री काढली. सात महिन्यांचा गंज रॉकेलनं पुसला. चावी लावून चक आवळला. बटण दाबलं. पट्टा एकदा कण्हला आणि धरला.

यंत्राच्या दांड्याची पहिली बुशी कातली. लोखंडाची निळी सळसळीत साल निघाली, सलग, हातभर. माप बघायच्या आधीच कळलं की बरोबर आहे. बघितलं. बरोबर होतं.

मजूर!

झो. ५-३०. झ. ०. काउंटर ०००.


२० डिसेंबर, शनिवार

झो. ७-४०, गाढ. अर्धी गोळी मानवली. हे मी सांगत होतो तेव्हा कुणी ऐकत नव्हतं. अंग मात्र आंबलंय, लेथवर उभं राहायची सवय गेली आहे. दोन यंत्रं पुरी.


९ जानेवारी, शुक्रवार

झो. ८-००. गाढ! वही सुरू केल्यापासून सगळ्यात जास्त.

सकाळी डोकं जड. डाव्या गालात आतून जखम, जेवताना चावली गेली असावी. चहा गरम लागला.

शिगवणशेठ आले होते गाडी घेऊन. चार यंत्रं बघितली, पाय मारून पाच बिया फोडल्या. पाचही गर अख्खे. एक गर तोंडात टाकला, मग बोलले.

"अण्णा, खरा सांगू? तुम्ही आता दगदग सोडा. लेथ मला द्या, साचे द्या, पात्यांची मापं द्या. मंडणगडला शेड टाकतोय. तुम्ही खुर्चीत बसायचं, पोरं करतील, तुम्ही नुसता बोट दाखवायचा."

"बोट दाखवायला मी काय नाक्यावरचा पोलीस?"

हसले ते. मग आकडा सांगितला. तो इथं लिहीत नाही. लिहिलेलं डोळ्यांसमोर राहतं.

ही चहा घेऊन दारात उभी होती. तिनं आकडा ऐकला.


२२ जानेवारी, गुरुवार

झो. ४ किंवा ४-३०. नक्की नाही. हे मी पहिल्यांदा लिहितोय, की नक्की नाही.

आठ पाती चुकली. काजूबीच्या दोन पात्यांमधली फट दीड सूत ठेवतो. चारही जोड्यांत पावणेदोन भरली. एक चुकली असती तर हात चुकला म्हटलं असतं. चार म्हणजे डोकं. भंगारात टाकली. शेठना दाखवली असती तर चाललीही असती.

कालची नोंद दोनदा लिहिली आहे, एकाखाली एक, शब्दाला शब्द. दुसऱ्यांदा लिहिल्याचं आठवत नाही. पान फाडलं.


८ फेब्रुवारी, रविवार

शेजारच्या कमलवहिनी ताक न्यायला आल्या होत्या. मी ओटीवर पट्ट्याला चामड्याचा तुकडा जोडत होतो. म्हणाल्या, "अण्णा, एक विचारू? रागावू नका. तुमच्याकडे ती पहाटेची पूजा कसली चालते?"

कसली पूजा?

"घंटा ऐकू येते ना. तीन-साडेतीनला. परवा पण झाली. आमचे हे म्हणाले, अण्णा कधी देवळाची पायरी चढत नाहीत, आणि बघ, गुपचूप अनुष्ठान चाललंय. मी म्हटलं, चांगलंच आहे की हो. आजारपणात करावं काहीतरी."

ही त्यांच्या भांड्यात ताक ओतत उभी. भांडं भरून सांडायला लागलं.

मी आत गेलो. पलंगाखाली शिरलो, बॅटरी घेऊन. काउंटर ०००. बटणावर हळद. नुसता डाग नव्हे, थर, अंगठ्याच्या आकाराचा. विसाव्या दाताचा काळा रंग पार गेलेला, पितळ चकचकीत.

यंत्रात काही दोष नाही. यंत्र चोख चाललंय.

घंटा वाजली तेव्हा मी तिथंच होतो. तिच्या खाली वीतभर अंतरावर. शेजाऱ्यांना ऐकू आली.


९ फेब्रुवारी, सोमवार

काल रात्री बोलणं झालं. जसं आठवतं तसं लिहितो.

भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं तिनं उलटी करून दाखवली. मागे कुंकवाचे ठिपके. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत चार. छोटी गोळी अर्धी झाल्यापासून सात. एकूण अकरा. तारखा वहीशी लावून बघितल्या. ६ नोव्हेंबर, तो अभ्रा: रक्त होतं, जिभेचं. २० डिसेंबर. ९ जानेवारी. ज्या ज्या दिवशी मी गाढ लिहिलं, त्या सगळ्या तिच्या ठिपक्याच्या रात्री. उरलेल्या तीन ठिपक्यांपुढं मी फक्त 'अंग दुखतं' लिहिलं आहे.

म्हणजे मला लागलेली चांगली झोप, ती फिट होती.

विचारलं, का? तू डॉ.समोर 'काही नाही' कसं म्हणालीस?

"जूनमध्ये केळशीला गेले होते तेव्हा देवीला कौल लावला. गुरवानं दोन कळ्या लावल्या. म्हटलं, यांना सांगितलं नाही तर चालेल ना? उजवी पडली, म्हणजे होकार."

मी चिडलो. म्हटलं, प्रश्न असा विचारतात? 'चालेल ना' म्हटल्यावर देवी तरी काय करील?

"मग तुम्ही डॉक्टरांना कसा विचारलात? 'लेथ चालेल ना?' त्यांची पण उजवीच पडली."

मी कॅलेंडरची पानं पुन्हा सरळ केली.

नंतर म्हणाली, "ताडपत्री घातलीत त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी माणसासारखे बोलला नव्हता. शून्य लिहिलं की दिवस बरा जायचा. मी तुम्हाला शून्य देत गेले. बंद लेथ आणि तुम्ही, दोघं एका घरात मला झेपत नाहीत."

आणि तू? तू झोपतेस कधी?

"तुम्ही लेथवर असताना. पट्ट्याचा आवाज चालू असला की मला कळतं, उभे आहात. तेव्हा."

हेच राहिलं होतं ऐकायचं.


१० फेब्रुवारी, मंगळवार

वहीत 'झ. ०' किती वेळा आहे ते मोजायला बसलो होतो. दोनशेच्या पुढं सोडून दिलं. खोडणार नाही. चुकलेलं माप खोडत नाहीत, शेजारी बरोबर लिहितात. तिच्या अकरा तारखांपुढं लाल पेन्सिलनं १ लिहिला.

तीन यंत्रं बाकी आहेत.


१३ फेब्रुवारी, शुक्रवार

लेथ चालू ठेवली. शब्द दिला आहे शेठना. ही सकाळपासून शेडमध्ये स्टूल घेऊन बसते, हात मेन स्विचवर. ना विणकाम, ना निवडणं. नुसती माझ्या पाठीकडे बघते. म्हटलं, असं कुणी बघत असताना हात चालत नाही.

"चालवू नका मग."

आज दुपारी तिची मान पडली. स्विचवरचा हात तसाच. तिच्या वजनानं स्विच खाली आला आणि लेथ थांबली. आवाज थांबल्याबरोबर ती किंचाळून उठली. मी उभा होतो. ठीक होतो. तिला वाटलं की...

दोन यंत्रं बाकी.


२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दापोली. वही पुढं ठेवली, लाल आकड्यांसकट. डॉ. बराच वेळ पानं उलटत होते. मग चष्मा काढला.

"मी यावर गोळी कमी केली, काका. तुमच्या या शून्यावर."

माझं शून्य नव्हतं म्हणणार होतो. हिच्याकडे बघितलं. अक्षर माझंच आहे.

हिला काही बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "वहिनी, शेवटची पूर्ण झोप कधी झाली?" तिला सांगता येईना. ते लिहायला लागले, मग थांबले, कागद कुणाच्या नावाचा फाडावा ते त्यांना कळेना. छोटी गोळी पुन्हा अख्खी, सोबत एक नवी, हळूहळू वाढवायची. तिनं काय होईल? "झोपेवर परिणाम होऊ शकतो. कुणाची वाढते, कुणाची कमी होते. तुमचं बघावं लागेल." लेथ बंद. किती दिवस? "आता महिने मोजू नका." मोजू नका म्हणे. मला!

शेवटची दोन यंत्रं काल रात्रीपर्यंत पुरी केली होती. ही गोष्ट त्यांना सांगितली नाही. ही बोलली नाही, तेही बरंच.

फाइलवर अजून मजूरच आहे.


२८ फेब्रुवारी, शनिवार

बाळू टेम्पो घेऊन आला. शिमग्याला दर वर्षी बहिणीला न्यायला येतो, तीन दिवसांसाठी. या वेळी हिनं मोठी पिशवी भरली. मी बिजागरीला तेल घालत होतो. घालायची गरज नव्हती.

"गोळ्या डब्यात वारांप्रमाणे लावल्यात. नवी निळ्या कप्प्यात."

बरं.

"कमलवहिनींना सांगून ठेवलंय. घंटा वाजली की त्या आणि त्यांचे यजमान येतील. मागच्या दाराची किल्ली त्यांच्याकडे आहे."

कमलवहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "करा हो अण्णा तुम्ही पूजा, मी ऐकते." आणि मग पदर तोंडाला लावून आत गेल्या.

बाळू एरवी बडबड्या. आज टेम्पोला टेकून पायानं माती उकरत होता. निघताना म्हणाला, "भावोजी, ताईचे डोळे बघितलेत का कधी?" लग्नात जिलब्या चोरणारा पोरगा मला विचारतो.


१ मार्च, रविवार

बाळूचा फोन. म्हणाला, ताई काल दुपारी जेवून आडवी झाली ती आज सकाळी नऊला उठली. मध्ये पालखीचे ढोल अंगणात येऊन गेले, तरी जाग नाही. आईनं दोनदा नाकाशी हात धरून बघितला.

दुपारी २ ते सकाळी ९. १९ तास.

लिहून ठेवतो. सुनंदा: १९-००, गाढ.

मी: ३-१०.


६ मार्च, शुक्रवार

झो. ३-४०. झ. १. काउंटर ००१. बटण दाबलं नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा कमलवहिनींचे यजमान माझ्या नाकाला चप्पल लावून बसले होते. घाण चप्पल. बाजूला करा म्हणायला तोंड वळेना. वहिनी म्हणाल्या, "अहो, अण्णांना नसली थेरं आवडत नाहीत, काढा ती." पण काढली नाही त्यांनी, उजाडेपर्यंत. मला कुशीवर वळवलं कुणी, ते विचारलं नाही. तोंड पुसलेलं होतं.

दोन वर्षं हे ती एकटी करत होती. चप्पल न लावता.


१० मार्च, मंगळवार

हिचा फोन. आवाज भरलेला, सर्दी झाल्यासारखा. झोपलेल्या माणसाचा आवाज असा असतो हे विसरलो होतो.

म्हणाली, "शेठचं ऐका. घेऊ दे त्यांना लेथ. मी येते मग."

आणि नाही दिली तर?

"तुम्ही बंद लेथसमोर बसणार. मग कधीतरी पाच मिनिटं म्हणून चालू करणार. मी बाजारात गेले की. तुम्हाला ओळखते मी."

ओळखते.


११ मार्च, बुधवार

चकची चावी फडक्यात गुंडाळून बाळूबरोबर केळशीला पाठवली. ती नसली तर चक आवळता येत नाही, चक आवळला नाही तर लेथ म्हणजे नुसतं फिरणारं लोखंड. मी हे आयुष्यात कुणासाठी केलं नसतं. बाळूला समजलं नाही. म्हणाला, हा कसला पाना?

संध्याकाळी हिचा फोन.

"चावी मिळाली."

बरं.

"ही पण तुम्हीच केली होती ना? मूळची आलीच नव्हती."

हो.

"किती दिवसांत केली होती?"

दीड, म्हटलं.

पलीकडे पाणी ओढल्याचा आवाज येत होता.


१४ मार्च, शनिवार

झो. ४-००. झ. ०, काउंटर ००१ वरच. नव्या गोळीनं पहाटे स्वप्नं पडतात, सगळी लोखंडाची.

शिगवणशेठ आठ यंत्रं न्यायला आले होते. गाडीत चढवून झाल्यावर ओटीवर बसले. चहा मीच केला, साखर जास्त पडली. म्हणाले, "वैनी नाय? माहेरी? अजून?" मग पुन्हा तेच काढलं, लेथ, साचे, मापं, खुर्ची. आकडा वाढवला. रोख, आजच, गाडीच्या डिकीत आहेत म्हणाले. शेडकडे बोट दाखवून म्हणाले, "नाहीतरी ताडपत्रीच हाय ना तिच्यावर, अण्णा."

ते बोलत असताना मला केळशीच्या घराचं माजघर दिसत होतं. ही कुशीवर, हात उशीखाली.

नाही म्हणालो. का ते त्यांनी विचारलं. लेथ गेली की ही येते, आली की पुन्हा जागी; हे त्यांना काय सांगायचं? शेठ उठले, चपला घालताना म्हणाले, शिमगा गेला, पण गुढीपाडव्यापर्यंत थांबतो, वैनींना विचारा.

तिला अजून फोन केलेला नाही. केला तर आकडा सांगावा लागेल.

सात लाख चाळीस हजार.